आबासाहेबांचा दहावा

मी एक्स्ट्रा नाही, चरित्र अभिनेता आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या कॉलनीत अजून बऱ्याच जणांना यातला फरक कळत नाही. एक्स्ट्रा म्हणजे गर्दीतला माणूस. त्याला ‘ए, मागं हो’ म्हणतात. चरित्र अभिनेत्याला ‘काका, जरा मागं होता का’ म्हणतात. चहा दोघांनाही कागदी कपातच मिळतो, पण आमचा कप कुणीतरी आणून देतं.

माझं नाव लालासाहेब मोहिते. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. ‘सातारा-वडूज गाडी फलाटावर लागलेली आहे, प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी’ हे तुम्ही साताऱ्याच्या स्टँडवर कधी ऐकलं असेल, तर तुम्ही मला ओळखता. माझ्या आवाजानं बाकावर झोपलेली माणसं उठून पिशव्या उचलायची. काही काही तर भलत्याच गाडीत चढायची, पण चढायची. निवृत्त झाल्यावर एवढा आवाज घरात कुठं ठेवायचा हा प्रश्नच होता. आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे मायानं, दोन दिवसांतच सांगितलं, “अहो, मीठ मागायला एवढं ओरडायचं कारण नाही, मी इथंच आहे.”

त्याच सुमारास एका लग्नाच्या पंगतीत ज्योतिबा भेटला. ज्योतिबा पलूसचा. वाई-साताऱ्याकडं शूटिंग लागलं की त्यांना इथली माणसं, बैलजोड्या आणि जुनी घरं पुरवणं हा त्याचा धंदा. तो माझ्या मिशीकडं बघत बघत जिलेबी खात होता. म्हणाला, “काका, ही मिशी घरात ठिवून काय करताय?” पुढच्याच आठवड्यात मी सरपंचाच्या मागं उभा राहिलो.

तिथून माझी कारकीर्द जी चढत गेली ती गेलीच. आधी सरपंचाच्या मागं, मग सरपंचाच्या शेजारी. मग मुलगी बघायला आलेला पाहुणा, पोहे खाणारा. त्या प्रसंगाचे इतके रिटेक झाले की मी आजतागायत पोह्यांना हात लावत नाही. मग इन्स्पेक्टर झालो, नुसता जीपमधून उतरणारा. मग डॉक्टर. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर यायचं, चष्मा काढायचा आणि मान हलवायची. मान हलवण्यात माझा हात धरणारा आज या जिल्ह्यात कुणी नाही, हे मी नम्रपणे सांगतो. फक्त एकच गोष्ट लक्षात येत होती. ज्या माणसाच्या आवाजावर सगळा स्टँड हलायचा, त्याला कुणी एक वाक्य देत नव्हतं.

आणि मग मला आबासाहेब मिळाले. रोजची मालिका, रोज संध्याकाळी. आबासाहेब म्हणजे साखर कारखान्याचे माजी चेअरमन, बागायतदार, पंचक्रोशीत दरारा. मी नेहरू शर्ट शिवायला टाकून आलो. मग कागद हातात पडला. पहिल्याच भागात आबासाहेबांना अर्धांगवायूचा झटका येतो आणि त्यांची वाचा जाते.

वर्षभर मी चाकाच्या खुर्चीत बसून डोळ्यांनी बोललो. मालिकेतली सून राजनंदिनी रोज येऊन माझ्या पायाशी बसायची आणि घरातली सगळी कटकारस्थानं मला सांगायची. मी डाव्या डोळ्यातून पाणी काढायचो. उजवा कॅमेऱ्याला दिसत नसे. पण लोकप्रियता म्हणाल तर अफाट. मंडईत गेलो तर बायका माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागल्या. भाजीवालीनं मायाला विचारलं, “आबासाहेबास्नी आता चालाय येतंय व्हय? लय बरं झालं बाई.” आणि मला न विचारता माझ्या पिशवीत एक कोथिंबिरीची जुडी जास्तीची टाकली.

मायाला हे सगळं फारसं पसंत नव्हतं. त्याला कारण होतं. भर उन्हाळ्यात माळावर शूटिंग होतं. अंगावर शाल, पायावर घोंगडी, आणि ब्लड प्रेशरची गोळी घरी राहिलेली. मला चक्कर आली. मान एका बाजूला पडली. पण आबासाहेबांची मान तशीही एका बाजूलाच असायची, त्यामुळं ते कुणाला कळलंच नाही. उलट दिग्दर्शक ऋषिराज म्हणाला, “काका, आज काय अभिनय केलात.” हे मी घरी कौतुकानं सांगितलं आणि तिथं फसलो. माया हातातलं काम टाकून समोर बसली. म्हणाली, “ही मालिका संपेपर्यंत करा. मग बस. मग घरी बसायचं. शब्द द्या.” मी लगेच दिला. रोजच्या मालिका संपत नसतात हे तिला माहीत नव्हतं, मला होतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढचं सगळं जवाहर मगदूममुळं झालं.

जवाहर आमच्या शेजारी राहतो. मूळचा आष्ट्याचा. पतसंस्थेत मॅनेजर होता आणि अजूनही प्रत्येक माणसाकडं कर्ज मागायला आल्यासारखं बघतो. सल्ला द्यायला त्याला कारण लागत नाही. एका सकाळी कुंपणाच्या पलीकडून म्हणाला, “लालासाहेब, आवाज हे तुमचं भांडवल, आणि तुम्ही ते बिनव्याजी ठेवलंय. सगळी मालिका तुमच्या खुर्चीभोवती फिरते. तुम्ही अट घालायला पाहिजे. एक वाक्य तरी द्या म्हणावं. नाही तर उद्यापासून खुर्ची रिकामी.” मी म्हटलं, खुर्चीत दुसरा कुणी बसवला तर? तो म्हणाला, “मिशी कुठून आणतील?” हे मला पटलं. माणसाला स्वतःच्या मिशीबद्दल कुणी काही म्हटलं की लगेच पटतं.

दुसऱ्या दिवशी मी ऋषिराजला गाठलं. पोरगा पुण्याचा, तिशीच्या आतला, सभ्य. मी म्हटलं, आबासाहेबांना वाचा फुटायला हवी, प्रेक्षकांची तशी मागणी आहे. त्यानं माझा हात हातात घेतला. म्हणाला, “काका, मी पण हाच विचार करत होतो. देऊया डायलॉग. एकदम इमोशनल देऊया.” मी घरी येऊन जवाहरला पेढा दिला.

आठ दिवसांनी कागद आले. आबासाहेबांना वाचा फुटते. ते म्हणतात, ‘सूनबाई, तो जयराज माझा...’ आणि मरतात.

मी कागद उलटून बघितला. मागं काही नव्हतं. जयराज आबासाहेबांचा कोण, हे मला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, आणि आजही लोक रस्त्यात अडवून मला विचारतात. पण त्या वेळी मी घाबरलो ते जयराजमुळं नव्हे. मालिका संपली की घरी बसायचं, असा शब्द मी दिला होता. मालिका कुठं संपत होती? मीच संपत होतो. आणि मायाच्या हिशेबी ते एकच होतं.

मेलो मात्र झोकात. इतकी वर्षं साठवलेला आवाज होता. ‘सूनबाई’ असा काढला की साउंडवाल्यानं कानावरचे हेडफोन काढून बाजूला ठेवले. तो जवळ येऊन म्हणाला, “काका, तुम्ही मरताय. गाडी सुटत नाहीये.” दुसऱ्या वेळी मी जरा कमी आवाजात मेलो.

घरी मायानं विचारलं, “झालं ना सगळं?” मी म्हटलं, दहावा राहिलाय. तर म्हणे, “गेलेल्या माणसाचं दहाव्याला काय काम?” म्हटलं तर बिनतोड प्रश्न होता. पण निर्मात्याच्या माणसाला तो पडला नाही. मरणाचा भाग दाखवला आणि दोन दिवसांनी सकाळीच त्याचा फोन आला. “काका, दोन कामं आहेत. तुमचा एखादा चांगला फोटो पाठवा, हार घालायला. आणि नदीकाठच्या घाटाची परवानगी काढून द्या. तुम्ही लोकल आहात, एसटीत होतात, तुमचं ऐकतील.” म्हणजे स्वतःच्या दहाव्याची परवानगी काढायला मीच स्कूटर मारत निघालो. हा मान आजवर किती नटांना मिळाला असेल, मला माहीत नाही.

कृष्णेकाठचं गाव होतं. नाव सांगत नाही, पुढंमागं तिथं पुन्हा काम पडू शकतं. ग्रामपंचायतीत तरुण ग्रामसेवक बसला होता.

“घाट कशाला पाहिजे?”

“दहाव्याला.”

“मग परवानगी कशाला? दहाव्याला कुणी अडवतं का? मयताचं नाव सांगा, गुरवाला निरोप देतो.”

“आबासाहेब.”

“कुठले हे आबासाहेब?”

“मीच.”

त्यानं पेन खाली ठेवलं. मी शूटिंगचं सांगितलं. मग तो म्हणाला, खऱ्या दहाव्याला काही लागत नाही, पण शूटिंगच्या दहाव्याला ठराव लागतो, ठरावाला सभा लागते आणि सभेला कोरम लागतो. मी म्हटलं, तोवर माझं वर्षश्राद्ध येईल. तेवढ्यात त्यानं माझ्याकडं निरखून बघितलं. “तुम्ही ते खुर्चीतले का? आई तुमच्यासाठी दोन दिवस जेवली नाही.” त्यानं लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला. मी म्हटलं, नमस्कार ताई. तिनं मोबाईल जवळ घेतला, लांब धरला आणि म्हणाली, “बोलतंय की ह्ये.” परवानगी मिळाली. अट एकच. त्या सकाळी कुणाचा खरा दहावा आला तर आधी त्यांचा नंबर.

कावळ्याचा प्रश्न उरला. शिकवलेला पक्षी आणायचा तर त्याला फार लांबून कसली तरी मंजुरी आणावी लागते म्हणे. निर्मात्याचा माणूस म्हणाला, “गावातले कावळे येतील. त्यांना मंजुरी लागत नाही.” आमच्याकडची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. दहाव्याला पिंड ठेवायचा आणि मागं सरायचं. कावळा शिवला तर गेलेला माणूस समाधानानं गेला. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा राहिलीय, ती ओळखून जवळच्यांनी मोठ्यानं शब्द द्यायचा. आणि पिंडापुढं दिलेला शब्द मोडायचा नाही. मालिकेत सूनबाईनं शब्द द्यायचा होता आणि मग कावळा येणार होता. कागदावर हे एका ओळीत बसलं होतं.

सकाळी सगळे घाटावर जमलो. राजनंदिनी पांढऱ्या साडीत, दोन कॅमेरे, छत्र्या आणि निम्मं गाव. दगडावर पिंड, पानावर भात, दही, भजी. शेजारी पाटावर माझा फोटो, त्याला चंदनाचा हार. मी पायऱ्यांवर चहा घेत बसलो होतो. वर उंबराच्या झाडावर कावळे बक्कळ होते.

पण एकही खाली येईना.

पहिली काही मिनिटं ऋषिराज हसत होता. मग हसायचा थांबला. एवढ्यात शेजारच्या वाडीतला खरा दहावा आला. ठरल्याप्रमाणं आम्ही बाजूला झालो. त्यांनी पान ठेवलं, मागं सरायला वळले, तोच कावळा शिवून गेला. ती मंडळी हात जोडून, अंघोळी करून गेलीसुद्धा. आम्ही पुन्हा पुढं झालो. कावळे पुन्हा वर जाऊन बसले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. शेवटी पिंड माझ्या नावाचा होता.

गुरव म्हणाला, दर्भाचा कावळा करून शिवता येतो, शास्त्रात आहे. कॅमेरामन म्हणाला, क्लोजअपला चालणार नाही.

गर्दीत पुढं रंगूबाई म्हणून एक म्हातारी बसली होती. मालिका रोज बघणारी. ती उठली. “आवं, ज्याचा दहावा त्यो तकडं बसून चा पितुया. कावळ्याला काय डोळं न्हाईत व्हय?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी कप खाली ठेवला. ऋषिराज आला आणि हळूच म्हणाला, “काका, जरा गाडीमागं बसता का?” मी जनरेटरच्या गाडीमागं प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसलो. कारकिर्दीत बऱ्याच वेळा मला फ्रेमच्या बाहेर काढलं आहे, पण कावळ्यासाठी कधी काढलं नव्हतं.

राजनंदिनीनं शब्द दिला. घर सांभाळीन, कारखाना वाचवीन, जयराजचं रहस्य शोधीन. सुंदर रडली. कावळ्यांनी ढुंकून बघितलं नाही. ऊन चढायला लागलं. गाडीमागून मला रंगूबाईचा आवाज येत होता. “आरं, ह्या खोट्या नावानं कोण येतंय? फोटू ज्याचा हाय त्याच्या मनात काय ऱ्हायलंय त्ये बोला की.”

आता हा पुण्याचा शिकलेला पोरगा. पण पुढं कावळा, मागं निर्माता, वर ऊन. तो गाडीमागं आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “काका, तुमची काही इच्छा राहिलीय का?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, आबासाहेब परत यावेत.

तो गेला. पिंडापुढं हात जोडून म्हणाला, “आबासाहेब जुळ्या भावाच्या रूपानं परत येतील.” मी गाडीच्या कडेनं डोकावलो. एका कावळ्यानं मान वाकडी केली. ऋषिराज पुढं म्हणाला, “म्हणजे, चॅनेलशी बोलून बघतो.” कावळ्यानं पाठ फिरवली. रंगूबाई म्हणाली, “मनापासनं बोल रं बाळा. त्याला कळतंय.”

नेमकी त्याच वेळी जवाहरची गाडी घाटाच्या तोंडाशी येऊन थांबली. मी घाईत गोळीची डबी आणि जेवणाचा डबा घरी विसरलो होतो. ते घेऊन माया आली होती, आणि मजा बघायला जवाहर. माया पिशवी सावरत गर्दीतून पुढं आली आणि फोटोसमोर एकदम थांबली.

तो फोटो कुठला ते सांगायचं राहिलं. आमच्या मुलीच्या लग्नातला होता. माझा एकट्याचा चांगला फोटो घरात नाहीच. मी मोबाईलवर मायाला कापून माझा तेवढा ठेवला होता आणि पाठवून दिला होता. पण कापता कापता कडेला तिच्या शालूचा काठ राहून गेला होता. चौकटीत हार घातलेला मी आणि खांद्याशी तिचा तो हिरवा काठ.

जवाहर मागून म्हणाला, “मायावहिनी, नाटक आहे हो ते.” तिनं ऐकलंच नाही. “ते कुठायत?” एवढंच विचारलं.

“गाडीमागं हाईत,” रंगूबाई म्हणाली. “पर कावळ्याफुडं त्ये गेल्यालंच धर. तू कोण म्हणायची?”

“मी बायको त्यांची.”

रंगूबाईनं तिचा हात धरला आणि पिंडापुढं नेलं. राजनंदिनी आपण होऊन बाजूला झाली. कुणी कट म्हटलं नाही. “बाई, आता तूच सांग,” रंगूबाई म्हणाली. “मनात काय ऱ्हायलंय ह्येंच्या?”

माझ्या बायकोचा देवावर विश्वास आहे, कावळ्यावर आहे आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की तिचे हात गार पडतात. मी गाडीच्या चाकाआडून बघत होतो. तिनं पदर खांद्यावर घेतला. इतक्या हळू बोलली की मला कान द्यावा लागला.

“त्यांना घरी बसायचं नाहीये,” ती म्हणाली. “मीच बसवणार होते. नाही बसवत. जिथं बोलावतील तिथं जाऊ देत. खुर्चीत बसवू देत नाही तर मागं उभं करू देत. मी अडवणार नाही. फक्त गोळी मी पिशवीत घालून देईन, ती वेळेवर घ्यावी.”

गोळीचं बोलत असतानाच कावळा उतरला. सरळ पिंडावर. आधी भज्याला चोच लावली आणि मग भाताला. मागोमाग आणखी दोन आले. घाटावरच्या सगळ्या लोकांनी हात जोडले. लाईटवाल्यांनी जोडले, राजनंदिनीनं जोडले. जवाहर जैन आहे, तो सारखा म्हणत होता, “आमच्यात कावळ्याला विचारत नाहीत,” पण त्याच्या हातावर काटा आलेला मी स्वतः बघितला.

आणि मी तिथं गाडीमागं एकटाच रडत होतो. दोन्ही डोळ्यांनी. वर्षभर डाव्या डोळ्यातून मेहनतीनं पाणी काढलं, आणि आता थांबवता येत नव्हतं. माणूस गेल्यावर बायको त्याच्याबद्दल काय बोलेल हे कुणालाच ऐकायला मिळत नाही. मला मिळालं, आणि ते चांगलं निघालं. ऋषिराज ओरडत आला, “काका, सुपर शॉट मिळाला.” मी त्याला म्हटलं, जरा मागं हो.

 घरी येताना गाडीत मी मायाला म्हटलं, मग आता परवानगी आहे ना? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “शब्द कावळ्याला दिलाय, तुम्हाला नाही. तुम्हाला दिला असता तर मोडला असता.”

आता परवानगी होती आणि काम नव्हतं. मेलेला नट लवकर कुणाला आठवत नाही. जुळ्या भावाचं चॅनेलनं मनावर घेतलं नाही. भाजीवालीनं मला बघून आधी पदर तोंडाला लावला आणि मग जास्तीची कोथिंबीर बंद केली. जवाहरनं सल्ला दिला की आता खलनायकाकडं वळावं. मी ते मनावर घेतलं नाही. आपल्याला काम येणार याची मला खात्री होती. मिशी जागेवर होती.

आणि आलंच. ज्योतिबाचा फोन आला. “काका, आमच्या पलूसला शिनेमा लागलाय. द्राक्षबागवाल्या म्हाताऱ्याचं काम हाय. दोन वाक्यं हाईत. आख्खी.”

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो. माया मेथी निवडत होती. मी सांगितलं. तिनं विचारलं, “मरायचं नाही ना?” म्हटलं, नाही, शेवटपर्यंत बाग बघतो.

“घरात कोण कोण आहे?”

“एकटाच आहे. बायको गेलेली. भिंतीवर फोटो आहे तिचा.”

तिनं एक काडी निवडून बाजूला टाकली. “म्हणजे सवाष्ण गेली,” ती म्हणाली. “बरं झालं की. माझं तरी देवाकडं दुसरं काय मागणं आहे.” आणि पुढची जुडी ओढली. दूध महागलं म्हणताना जेवढा आवाज लावते, तेवढाच लावला होता.

मला ते अजिबात आवडलं नाही. स्पष्टच सांगतो, मला भीती वाटली. घाटावर चंदनाचा हार मला घातला होता तेव्हा मी मजेत चहा पीत होतो. आता नुसतं ऐकूनही घेववेना. मी गच्चीवर गेलो आणि ज्योतिबाला फोन लावला.

“ज्योतिबा, एक अट आहे.”

“काका, मागं एक अट घातली आन् मेला तुमी.”

“म्हाताऱ्याची बायको जिवंत पाहिजे.”

“आवं, एक बाई वाढली म्हंजे तिचं लुगडं आलं, मेकअप आला, गाडी आली. आन् म्हातारा एकटा हाय म्हनूनच तर बागंशी बोलतुया. ती दोन वाक्यं बागंलाच हाईत.”

“मग नाही जमायचं,” मी म्हटलं. स्टँडवरचाच आवाज निघाला. खालच्या रस्त्यावरचा एक माणूस दचकून वर बघायला लागला.

खाली येऊन मी मायाला काही सांगितलं नाही. तिनं विचारलं, मी म्हटलं, तारखा जुळत नाहीत. ती म्हणाली, “मी अडवलं नाही हं. कावळ्याला सांगा.” दोन-तीन दिवस मी बागेला सांगायची ती दोन वाक्यं मनातल्या मनात रचत होतो. ती कुठली होती हे मला माहीत नव्हतं, पण फार चांगली असणार असं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली आख्खी वाक्यं मी स्वतःच्या हातानं घालवली होती, आणि तरी पुन्हा फोन आला असता तर तेच बोललो असतो.

फोन आला. ज्योतिबाच होता. “काका, डायरेक्टर तयार झाला. पर बायको दिसनार न्हाई. म्हातारा बागंशी बोलत असतुया आन् सैपाकघरातनं ती वरडतीया. नुसता आवाज. चालंल?”

“जिवंत आहे ना?”

“जिवंत हाय म्हनून तर वरडतीया. पर आवाजाला वेगळी बाई परवडत न्हाई. काकूंनाच घिऊन या.”

माया आधी नाहीच म्हणाली. मग कुठली साडी नेसू म्हणून विचारलं. मी सांगितलं, तू दिसणार नाहीस. तरी नवी नेसली. पलूसला बागेशेजारच्या एका घरात तिला माईकसमोर बसवलं आणि डायरेक्टर म्हणाला, काकू, घरी कसं बोलावता काकांना, तसंच बोला. तिचे हात गार पडले होते, मी धरून बघितले. मग मी बाहेर बागेत जाऊन उभा राहिलो, वेलीवर हात ठेवला आणि माझं वाक्य सुरू केलं. तोच आतून आवाज आला, “अहो, किती वेळ त्या वेलींशी बोलत बसणार, भाकरी गार झाली.”

डायरेक्टर खूश झाला. म्हणाला, काकूंना आणखी देऊया. सिनेमा अजून यायचा आहे. त्यात मला दोन वाक्यं आहेत. तिला तीन आहेत, आणि त्यातलं एक माझ्या वाक्याच्या मध्येच येतं.